फेथचे बारा पॉइंट

आधी हे सांगू द्या, बाकी सगळं मंग. बाबा आतमधी चहा पिऊन राह्यले. कप खाली ठेवला की ते परत इथंच येऊन बसतील, अन् त्याइच्या समोर मले हे लिहिता येणार नाही. म्हणून फोनवरच टाइप करून राह्यली. चुका झाल्या तर समजून घ्या.

गोष्ट लॅपटॉपची आहे. माहा दादा पुण्याले नोकरीले असते. त्याले कंपनीनं नवा लॅपटॉप देल्ला, म्हणून जुना सोबत घेऊन तो आठ दिवसासाठी आसेगावले आला. मले वाटलं, जुना आता माहाच. मी बीएस्सीच्या पयल्या वर्षाले आहे, सगळ्या नोट्स फोनवर डोळे फोडून वाचते. पण दादानं त्याच्या रूममेटले शब्द देऊन ठेवला होता. मी रडली नाही, दोन दिवस भांडली. तवा तो म्हणे, "बरं. याच्यात एक गेम आहे. त्यातला पुलावरचा राखणदार मारून दाखव. तुह्या हातानं. रविवारी मी निघायच्या आत. मारला तर लॅपटॉप इथंच राहीन."

एवढा दिलदार काहून झाला हे मले नंतर समजलं. तीन महिन्यापासून तो स्वतःच त्या राखणदाराच्या हातानं मरून राह्यला होता.

गेम असा आहे. जुन्या काळातलं एक राज्य, सगळे मेलेले, अन् मेलेलेच आपल्याले मारायले येते. हाडाचे लहानसहान सापळे मारले की पॉइंट भेटते. मंग दिव्यापाशी बसून ते पॉइंट आपल्या माणसाच्या अंगात भरायचे. एक रकाना ताकदीचा, एक दमाचा, एक इंटेलिजन्सचा, एक फेथचा. भरायच्या आधी मेलं तर कमावलेलं सगळं तिथंच सांडते.

पयले अठरा पॉइंट मी डोळे मिटून इंटेलिजन्समधी टाकले. दुसरीकडं टाकायचं माह्या मनातच आलं नाही. आमच्या घरात माह्या पणजोबानं धम्म घेतला तवापासून परीक्षेच्या आधी नवस नाही, अंगारा नाही, लिंबू-मिरची नाही. अभ्यास. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहेत. ताप आला तरी ते आधी इचारतात, पुस्तक कुठं आहे. त्या घरातली पोरगी बुद्धी सोडून ताकदीत पॉइंट टाकीन का? अन् फेथच्या रकान्याकडं तर मी पाहिलंही नाही. शाळेच्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या भाषणात माहा दोनदा नंबर आला आहे.

हत्यार म्हणून मी कुऱ्हाड घेतली, कारण तलवार मी जन्मात पाहिली नाही अन् कुऱ्हाड आमच्या दाराच्या मागं उभी असते.

पुलावर गेली. राखणदार म्हणजे दोन मजली हाडाचा सापळा, हातात घण. मी धावत जाऊन कुऱ्हाडीचे घावावर घाव घालत सुटली. पाचव्या घावाले माह्या माणसाचा दम संपला, तो वाकून धापा टाकून राह्यला अन् वरून घण आला.

दादा बाजीवर लोळत सगळं पाहत होता. "इंटेलिजन्स किती टाकलं वं?"

"अठरा."

"सगळं?"

"मंग?"

तो उठूनच बसला. "अवं, इंटेलिजन्स मंतर मारणाऱ्याले लागते. तुह्यापाशी एक तरी मंतर आहे का? तुहा माणूस कुऱ्हाड मारायच्या आधी त्याले निबंध वाचून दाखवते का?"

म्हणजे माहा माणूस एमए बीएड करून वावरात सोयाबीन सोंगायले गेल्यासारखा झाला होता. डिग्री भरपूर, पण समोरच्या कामाले तिचा उपयोग नाही. मले त्याची कीव आली, पण बदलायचं कसं ते माहीत नव्हतं. गुरुवार, शुक्रवार मी नुस्ती मरून राह्यली.

मरता मरता शिकली मात्र. एक, राखणदार घण वर नेते अन् लगेच मारत नाही, थोडा थांबते. आपण घाबरून आधीच कोलांटी मारतो अन् उठतो तवा बरोबर घणाखाली असतो. दोन, मागं पळायचं नाही, त्याच्या पायातून पलीकडं कोलांटी मारायची. तीन, दोनच घाव घालायचे, तिसऱ्याचा मोह आला की मेलं. शनिवारी सकाळी मी त्याले खरंच पाडला. हाडं पुलावर पसरली. दादाचं तोंड पाहण्यासारखं झालं. मंग हाडं सरसर करत परत जुळली, अन् राखणदारानं उठून मले मारलं.

दादा म्हणे, "हे तुले सांगायचं राह्यलं."

पुलापाशी एक पाटी आहे, ती मी तवा वाचली. या सापळ्याले फेथची धार लावलेलंच हत्यार कायमचं पाडते. धार लावायले फेथमधी बारा पॉइंट पाह्यजे. अन् दिव्यापाशी पेटीत एक बाटली होती, ती पेली की भरलेले सगळे पॉइंट परत हातात. बाटली एकच. पुन्हा चुकलं तर जन्मभर चुकलं.

आता तुमी म्हणसान, पी अन् टाक, गेमच तर आहे. पण मले होईना. रविवारी सकाळी दादा कटिंगले गेला. त्याची ट्रॅव्हल्स संध्याकाळची होती. बाबा खुर्चीवर बसून गावातल्या कोणाचा तरी अर्ज लिहून राह्यले होते. अर्ध्या गावाचे अर्ज तेच लिहितात. मी जाऊन उभी राह्यली.

"बाबा, एक इचारू? फेथमधी पॉइंट टाकले तर तुमाले चालते का?"

"कशात?"

मी सगळं सांगतलं. सापळा, पाटी, बाटली. त्याइनं चष्मा काढला. मी भाषणाची तयारी ठेवली.

"फेथ म्हणजे काय?"

"श्रद्धा."

"कोणी सांगतलं?" त्याइनं हातातला अर्ज माह्यापुढं धरला. "खाली काय लिहिलं?"

"आपला विश्वासू."

"इंग्रजीत काय लिहितेत तिथं?"

"युवर्स फेथफुली."

"मंग? तहसीलदाराले आपण श्रद्धा वाहून राह्यलो का? फेथ म्हणजे विश्वास. बिनधास्त टाक."

तीस वर्षं अर्ज लिहिलेल्या माणसाशी कोण वाद घालीन. मी बाटली पेली. बाबा खुर्ची ओढून बाजूले बसले अन् मार्क वाटावे तसं पाहू लागले. बारा फेथमधी. उरलेले सहा मी दमात टाकले.

"अन् इंटेलिजन्स?"

"शून्य, बाबा."

त्याइचा चेहराच उतरला. पोरीच्या प्रगतिपुस्तकावर शून्य पाहून सही करायची वेळ आल्यासारखा त्याइनं खिशातला पेन चाचपला. मंग माहा माणूस कुऱ्हाडीले धार लावायले गुडघ्यावर बसला अन् त्यानं हात जोडले. बाबा एकदम पुढं वाकले.

"हा कोणाले हात जोडून राह्यला?"

"कोणालेच नाही. समोर कोणी आहे का? त्याचं तोच."

त्याइनं पूर्ण स्क्रीन तपासली. मूर्ती दिसली नाही. "मंग जोडू दे."

तीन वेळा मी परत मेली. मले मोहच आवरेना, दोन घाव झाले की तिसरा जाये. चौथ्या वेळेले बाबाइले राहवलं नाही. पीटीचा तास घेतात तसं त्याइनं चालू केलं, "एक... दोन... विश्राम." विश्राम म्हटलं की मी मागं. घण आला की कोलांटी. "एक... दोन... विश्राम." आई सैपाकघरातून बोलली, "काय कवायत चालली रे बाप्पा रविवारी?" राखणदाराची लाल पट्टी सरकत सरकत नखाएवढी उरली.

अन् तवा माहा हात घामानं घसरला. कोलांटीचं बटन दबलंच नाही. घण वर. बाबा विश्राम विसरले, "मार, मार" म्हणत पुढं आले, अन् त्याइचं बोट टचपॅडच्या, घाव घालायच्या बटनावर पडलं.

हाडं पसरली. या वेळेले जुळली नाहीत. पूल उघडला.

आमी दोघंही बाबाच्या बोटाकडं पाहून राह्यलो. मतदान करून आल्यावर लोक शाईकडं पाहतात तसं.

दादा कटिंग करून आला. उघडा पूल पाहून त्यानं आधी माह्याकडं पाहिलं, मंग बाबाकडं. "कोणाच्या हातानं?"

मी बोलणारच होती. माह्या तोंडात "माह्या" तयार होतं. तीनशे घाव माहे, एक बाबाचा, हिशेबानं मी खोटंही बोलत नव्हती. पण आमच्या घरात रोज पंचशील म्हणतात, खोटं बोलणार नाही हे त्यातच येते, अन् म्हणून घेणारे बाबाच.

"शेवटचं बटन माह्या बोटानं दाबल्या गेलं," बाबा म्हणाले.

"मंग अट मोडली."

"मोडली."

लॅपटॉप गेला. दादानं चार्जर गुंडाळायले घेतला. बाबा उठले, कोरा कागद घेतला अन् लिहायले बसले. दहा मिनिटानं तो कागद दादाच्या हातात देल्ला. विषय, लॅपटॉप घरीच राहू देण्याबाबत. महोदय, वरील विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, सदर राखणदार संयुक्त प्रयत्नाने पाडण्यात आला असून, रूममेटची गरज घरच्या गरजेपेक्षा मोठी असल्याचे आढळून येत नाही. खाली आपला विश्वासू, अन् बाबाची लांब सही.

दादा वाचत वाचत बाजीवर आडवा झाला. हसू आवरेना त्याले. मंग रूममेटले फोन करून त्यानं कायतरी थाप मारली, बाबा आंगणात गेले तवा. पेन घेऊन अर्जाच्या कोपऱ्यात लिहिलं, मंजूर.

मी टाळी वाजवली. दादानं कागद माह्यापुढं धरला.

"तू कायले टाळ्या वाजवून राह्यली? अर्जदार कोण आहे ते पाह्य."

अर्जदार बाबा होते. सहीही त्याइचीच. लॅपटॉप बाबाइले मंजूर झाला.

मले वाटलं गंमत आहे. संध्याकाळी दादा ट्रॅव्हल्समधी बसला अन् सोमवारी शाळेतून आल्यावर बाबाइनं हात-पाय धुतले, खुर्ची ओढली अन् मले म्हणाले, "नवीन माणूस कसा बनवतात ते दाखव." पॉइंट त्याइनं सगळ्या रकान्यात सारखे वाटले. मी सांगतलं, बाबा, असं वाटलं तर हा कशातच धड होणार नाही. ते म्हणे, कोणत्याच रकान्यावर अन्याय व्हायले नको. आता त्याइचा माणूस ताकदीनं अर्धा, दमानं अर्धा, अक्कलेनं अर्धा आहे, अन् पुलावर रोज समान न्यायानं मरून राह्यला. बाजूले बसून एक, दोन, विश्राम मी म्हणते. ते ऐकत नाहीत, तिसरा घाव घालतातच. मले लॅपटॉप भेटते तो बाबा शाळेत असतात तवा, म्हणजे माह्या कॉलेजच्या वेळेले.

कप ठेवल्याचा आवाज आला. आले.

पटकन सांगा, तुमच्या घरी झालं का असं कधी? की जीव तोडून जिंकलं तुमी, अन् खेळायले दुसरंच कोणी बसलं?