मावसाजींचा समुद्र

समुद्रापासून शेकडो मैल दूर राहून समुद्राची इतकी धास्ती घेतलेला दुसरा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्याला आमच्या मावसाजींनीच बिघडवलेलं असणार, हे मी पैजेवर सांगतो. मावसाजी म्हणजे माझ्या धाकट्या मावशीचे यजमान. तरुणपणी ते सरकारी नोकरीत कारकून म्हणून लागले, कोकणातल्या एका लहानशा बंदरावर त्यांनी दोन पावसाळे काढले आणि पोटाचं दुखणं घेऊन अड्याळजवळच्या आपल्या गावी कायमचे परतले. त्या दोन पावसाळ्यांत त्यांनी वादळ पाहिलं ते एकच. तेही, मावशीच्या सांगण्याप्रमाणे, कचेरीच्या टेबलाखाली बसून. पण गावात दुसऱ्या कोणी समुद्र पाहिलेलाच नव्हता, त्यामुळे त्या वादळातली लाट दरवर्षी हातभर वाढत गेली तरी हरकत घेणार कोण? मी नोकरीला लागून भंडाऱ्याला आलो, तेव्हा सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं आणि लाट माडाच्या शेंड्यावरून पलीकडे पडू लागली होती.

पावसाळा लागला की मावसाजी रेडिओ मांडीवर घेऊन ओसरीत बसत. हवामानाचा अंदाज सुरू झाला की घरात भांडं वाजवायची सोय नसे. किनाऱ्यावर सोसाट्याचा वारा सुटणार असं कळलं, की ते तडक गावच्या तलावावर जात आणि पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, उभे राहून कारकुनी मराठीत जाहीर करत, "मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये!" तलावात कमरेएवढ्या पाण्यात जाळं टाकून उभा असलेला म्हातारा डोमाजी ढीवर हात जोडून विचारी, "समुद्रात त नाई जात बाबूजी, पन तलावात राहू का निंघू?" यावर मावसाजी खरोखर विचार करत. कधी राहा म्हणत, कधी नीघ. बंगालच्या उपसागराचं नाव आलं मात्र, की ते खटकन रेडिओ बंद करत. "थो समुद्र आपला नोहे," म्हणत. त्यांची नोकरी अरबी समुद्रावर झाली होती आणि निष्ठा म्हणजे निष्ठा.

बंदरावर धोक्याचा बावटा लावतात म्हणून त्यांनीही अंगणात बांबू रोवला होता. बावट्यासाठी मावशीचं एक लाल लुगडं कामी आलं. ते फडकलं, की समजायचं वादळ येणार. गाव समजायचं, बाबूजींकडे धुणं झालं. "सात जन्म हाच नवरा भेटो म्हून वडाले सूत गुंडाळलं मी," मावशी मला म्हणाली, "अना यायनं माह्या लुगड्याले बांबूवर चढवलं." घराची तयारी तर विचारू नका. छपराची कवेलू वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर दोरखंड, दोरखंडाला दगड. त्या दगडांनीच दरसाल दहा-वीस कवेलू फुटत आणि घर गळे. वादळात अडकलो तर म्हणून मुरमुऱ्यांचा आणि गुळाचा एक डबा कायम भरलेला असायचा. मावसाजी तो भरल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वतःच संपवत आणि मावशीला पुन्हा भरायला सांगत. मी भंडाऱ्याला परतलो की कचेरीत या सगळ्याच्या नकला करत असे. त्या जोरावर माझी चांगली वट होती, हे कबूल करतो.

त्या गावात एक रीत होती. पोळा झाला की शेतकरी तलावाचा सांडवा बांधून टाकत. पळसाच्या फांद्या, गवताचे पेंढे आणि वर चिखल थापून जादा पाणी वाहून जाण्याची वाटच बंद करायची, म्हणजे तलावात हातभर पाणी जास्त साठतं आणि उशिरा पिकणाऱ्या भारी धानाला कार्तिकात शेवटचं पाणी मिळतं. एका वर्षी पाऊस आधीच कमी झाला होता, म्हणून पाटलाच्या मनात सांडवा दोन हात उंच बांधायचं आलं. त्याने चेष्टेतच विचारलं, "का म्हंते बाबूजी तुमचा समुद्र?" मावसाजींनी रेडिओ ऐकला, खटकन बंद केला आणि म्हणाले, "समुद्र शांत आहे. बांधा." जन्मभर ज्यांचं एक अक्षर गावाने ऐकलं नव्हतं, त्यांचं ते एवढंच ऐकलं, कारण गावाला तेच ऐकायचं होतं.

मी तेव्हा चार दिवसांच्या रजेवर त्यांच्याकडेच होतो. पाऊस आला तो पूर्वेकडून, थेट बंगालच्या उपसागरातून, आणि दोन दिवस थांबलाच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी पाळीच्या माथ्याला टेकायला चार बोटं उरली होती आणि पाळीखालच्या ढीवरांच्या वस्तीच्या बाजूने माती पाझरत होती. पाळ फुटली असती, तर ती वीस घरं राहिली नसती. मावसाजींनी ते पाहिलं, धोतर खोचलं आणि कुदळ घेऊन सांडव्यात उतरले. टेबलाखाली बसणारा हा माणूस छातीएवढ्या पाण्यात उभा राहून चिखलावर घाव घालू लागला. पाटील धावत आला.

"बाबूजी, पानी काहून सोडून राह्यले? कातिकात धानाले का तुमचा समुद्र पाजाल?"

"मी चुकलो, पाटील," मावसाजी म्हणाले. "पाऊस तिकून येऊन राह्यला होता. मी तिकडं पाह्यलोच नाई."

डोमाजी आधी पाण्यात उतरला, मग मी, मग बाकीचे. दुपारपर्यंत सांडवा मोकळा झाला आणि पाळ वाचली. पण पाण्याचा लोंढा असा होता, की सांडव्याचा जुना दगडी उंबरठाही वाहून गेला आणि तलाव नेहमीपेक्षा पुष्कळ खाली गेला. गावाने आभार मानले असतील असं वाटत असेल, तर तुम्ही ते गाव पाहिलेलं नाही. "एका पावसाळ्यात दोन हुकूम," एवढंच लोक म्हणाले आणि घरी गेले.

कार्तिकात पाण्याच्या पाळ्या लागल्या. मावसाजींचं शेत तलावाच्या बांधाला लागूनच होतं, म्हणून पहिली पाळी त्यांची. पाणी सगळ्यांना पुरणार नाही, हे उघड होतं. ते पाटलाकडे गेले आणि म्हणाले, "माहं पानी खालच्यायले द्या." मावशीलाही त्यांनी हे नंतर सांगितलं. खालच्या शेतांतलं धान भरलं. मावसाजींच्या बांध्यांत, त्या धानाच्या खाचरांत, उभा राहिला तो दाण्यावाचून नुसता तणस.

हे काही मला ठाऊक नव्हतं. थंडीत मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा सांडव्यावरचा एक चांगला विनोद रस्ताभर घोळवत नेला होता. पानं वाढली. भात वाढताना मावशी खाली बघत हळूच म्हणाली, "तुमसरच्या बजारचा हाये. इकतचा. आपलं पानी यायनं खालच्यायले देऊन टाकलं." त्या घरात विकतचा भात मी कधी पाहिला नव्हता, तिनेही नसावा. मावसाजींनी वरण कालवलं, एक घास खाल्ला आणि "चांगला आहे," असं कारकुनी मराठीत म्हणाले. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं आणि स्वतःची लाज वाटली. जेवण संपत आलं, पोट भरलं होतं, तरी मी ताट पुढे केलं आणि मावशीला म्हणालो, "आणखी भात वाढ."