आधी शेवट शिका

चीनमधल्या लानच्यू शहरातल्या कापडगिरणीतून निवृत्त झालेली गुईजन रोज पहाटे नदीकाठच्या बागेत बायकांना चिगोंग, म्हणजे श्वासाचा व्यायाम, शिकवायची. उभ्याने, बसून किंवा हातपाय सावकाश हलवत, जिला जे झेपेल ते. मात्र नव्या बाईला ती आधी शेवट शिकवी. दोन्ही तळवे बेंबीखाली ठेवायचे, श्वास तिथे उतरू द्यायचा, मगच डोळे उघडायचे. उपाशीपोटी करायचं नाही, वाऱ्यात नाही, रागात नाही. आणि कुणी डोळे मिटून उभं असेल तर त्याला हात लावायचा नाही, दचकवायचं नाही.

"दार उघडायच्या आधी कडी लावायला शिकवते ही," बायका हसायच्या.

"चोर शिरला की याल विचारायला," गुईजन म्हणायची.

तिची मुलगी वनशिऊ मात्र कामगार सभागृहात आलेल्या नव्या गुरूकडे जाऊ लागली. तिथे अंग आपोआप हलू द्यायचं. कुणी डुलायचं, कुणी हमसून रडायचं.

एका संध्याकाळी जेवताना वनशिऊच्या हातातल्या काड्या वाडग्यावर टकटक वाजू लागल्या.

"थांबव ते."

"मी करत नाहीये, आई. होतंय."

"शेवट कसा करायचा ते सांगितलं का त्यांनी?"

"शेवट भित्र्यांसाठी असतो, म्हणतात. तुझ्या म्हाताऱ्यांचं बरंय, त्या एरवीही हलत नाहीत."

गुईजनने नूडल्सचा वाडगा पुढे सरकवला. वनशिऊने तो परत सारला. आता तिला म्हणे जेवणाऐवजी नुसती हवा पुरत होती.

बघता बघता तिचे गाल बसले. मग एका पहाटे गुईजनला जाग आली ती गार वाऱ्याने. दार सताड उघडं होतं. अंगणात वनशिऊ अनवाणी उभी होती, डोळे मिटलेले, हात वर, बोटं थरथरत. ओठ निळे पडलेले.

गुईजनचा हात तिच्या खांद्याकडे गेला आणि मध्येच थांबला. अंगणातल्या खांबावर, हात पोचणार नाही इतका उंच, कर्णा होता. त्यावर सकाळच्या बातम्या आता कुठल्याही क्षणी दणक्यात सुरू होणार होत्या.

ती लेकीसमोर उभी राहिली आणि बागेत बोलायची तशी हळू बोलू लागली. "तळवे खाली आण, बाळा. सावकाश. बेंबीखाली ठेव."

बराच वेळ काही झालं नाही. मग डावा हात उतरला, पोटावर टेकला.

"आता दुसरा."

उजवा वरच राहिला, थरथरत.

खांबावरच्या कर्ण्यात खरखर सुरू झाली. गुईजनने आपले दोन्ही तळवे लेकीच्या कानांशी नेले, न टेकवता, आणि ती तशीच उभी राहिली.