सुमनच्या पिशवीत काही नव्हतं

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगते आहे, ते मलाही नीट कळत नाही.

मी जेलमध्ये शिपाई आहे. कुठलं जेल, ते राहू द्या. मुलाखतीला येणाऱ्या बायांची आणि त्यांच्या पिशव्यांची झडती घेणं हे माझं काम. आमच्याकडं नशेच्या गोळ्या आत यायच्या. कशा येतात म्हणून सगळेच विचारायचे — शोधायचं मात्र कुणी नाही. मग दर मंगळवारी एक समुपदेशक सर यायला लागले. गोळ्या सोडायच्या म्हणणाऱ्यांना लिंबाखाली बसवून बोलतं करायचे.

त्यांच्यात अंकुश होता. चुडाव्याचा, चाळिशीतला, मारामारीच्या केसमध्ये आलेला; खटला चालूच होता. सुरुवातीला त्याच्या हातात पाण्याचा पेला ठरत नव्हता. सात महिन्यांनी तोच नव्या माणसांना धीर द्यायला लागला. म्हणून काही जण त्याला पाण्यात पाहायचे. त्याची बायको सुमन पंधरा दिवसाला यायची. नवऱ्याच्या तोंडावर तजेला आलेला बघून जाताना माझ्याशीही दोन शब्द बोलायची.

आणि ड्युटीवर माझा एक जोडीदार शिपाई होता. आई गंगाखेडला आजारी असताना त्यानं माझ्या रात्रीच्या कितीतरी ड्युट्या केल्या. एका दुपारी मी त्याला स्वयंपाकघरामागं एका कैद्याला गोळ्यांची पट्टी देताना पाहिलं. त्यानंही मला पाहिलं. दोघंही काही बोललो नाही... तेव्हाच बोलायला हवं होतं ना?

पुढच्या आठवड्यात बराकीची झडती झाली आणि अंकुशच्या नव्या बनियनच्या शिवणीत गोळ्या निघाल्या. ते बनियन सुमननं आदल्याच दिवशी आणलं होतं. आत गेल्यावर त्यात गोळ्या कुणी घातल्या, मला माहीत नाही. पण माझ्या हातात आलं तेव्हा मी त्याच्या प्रत्येक शिवणीवरून बोट फिरवलं होतं. काही नव्हतं. शिवण पक्की होती.

अधीक्षक साहेबांनी मला बोलावलं. जोडीदार दाराशीच उभा होता. खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता — मग आणतं कोण? मी खाली बघून म्हणाले, "गर्दी होती साहेब. नजरेतून सुटलं असेल."

मला ताकीद मिळाली, तेवढीच. सुमनची मुलाखत बंद झाली. अंकुशला मंगळवारच्या बैठकीतून काढलं. तो माझ्याकडं बघायचा, विचारायचा मात्र नाही. दोन महिन्यांत त्याचे हात परत थरथरायला लागले. पुढं जामिनावर सुटला आणि वर्षभरातच वारला, असं कानावर आलं. जोडीदाराची बदली झाली. जाताना त्यानं माझ्या आईची तब्येत विचारली — आणि मी सांगितलीसुद्धा, नीट, सविस्तर.

इथंच संपलं असतं तर भीतीनं बोलले नाही, असं स्वतःला समजावता आलं असतं.

गेल्या वर्षी नात्यातल्या लग्नाला चुडाव्याला गेले होते. परतताना स्टेशनच्या बाकावर सुमन येऊन बसली. मी गणवेशात नव्हते, तरी तिनं ओळखलं. म्हणाली, सासरचे अजून मलाच बोलतात — सुटलेली गोळी तूच नेऊन दिलीस म्हणतात. लेकरंसुद्धा तेच म्हणायला लागलीत. मग तिनं विचारलं,

"बाई, झडती तुमीच घेतली होती. तुमच्या हाताला काही लागलं होतं का? न्हाई म्हणजे... मी घरी सांगीन, बाईंनी सांगितलं म्हणून."

एक शब्द हवा होता तिला. जोडीदार तिथं नव्हता. साहेब नव्हते. चौकशी कधीच बंद झाली होती.

मी म्हणाले, "लय दिवस झाले गं. ध्यानात नाही."

तिनं मान हलवली. रागावली असती तर बरं झालं असतं. उलट माझ्याच हातावर हात ठेवून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तुमाला तरी किती जणींचं ध्यानात ऱ्हाणार."

गाडी आली. ती चढली. मलाही त्याच गाडीनं जायचं होतं, पण मी बाकावरच बसून राहिले.

त्या दिवशी मला कुणाचंच भय नव्हतं.