माकडाची पाठवणी

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई सिंधुबाई, घरातून कोणालाही कोरड्या कपाळानं जाऊ देत नसत. पाहुणा निघाला की कुंकवाचा उभा टिळा, खाली एक ठिपका आणि हातावर गूळ. बाई असो की गडी, टिळा तोच. जुना टीव्ही भंगारात दिला तेव्हा त्याच्याही काचेवर त्यांनी तो ओढला, आणि गूळ भंगारवाल्यानं खाल्ला. मखमलाबादच्या मळ्यात सून म्हणून आले तेव्हा मला याचं फार हसू यायचं. पुढे सवय झाली.

कुंभमेळ्याच्या पुढच्या वर्षी, पावसाळ्यात, आमच्याकडे एक लाल तोंडाचं माकड आलं. एकटंच. यात्रेकरूंच्या हातचं खाऊन शेफारलेलं असावं, कारण त्याला दाराची कडी काढता यायची आणि बिस्किटाचा पुडा कुठून फोडायचा हेही ठाऊक होतं. वांगं तोडायचं, एक चावा घ्यायचा, फेकायचं आणि दुसरं तोडायचं. गुलाबाच्या कळ्या तर ते फुटाण्यासारख्या खायचं. आत्याबाई काठी घेऊन धावायच्या आणि जवळ गेल्यावर तीच काठी पाठीमागे लपवायच्या. मारुतीरायावर हात कसा उगारायचा? माकडानं हे लवकरच ओळखलं.

शेवटी मामंजी, म्हणजे सासरे पुंजाबाबा, वनखात्याच्या एका माणसाला घेऊन आले. त्यानं बांधावर उभं राहून कायदा सांगितला. मारायचं नाही, पकडायचं नाही, आणि पकडून दुसरीकडे सोडायचं तर मुळीच नाही. वन्यप्राणी आहे, परवानगी लागते. अर्ज द्या, आमची माणसं येतील.

"आन त्याला नाय का लागत परवानगी, आमच्या वांग्यात यायला?" आत्याबाईंनी विचारलं.

"त्याला कायदा लागू नाही, आजी."

"मंग त्योच बरा हाय."

अर्ज दिला, पण माणसं येईपर्यंत आत्याबाईंना धीर कुठला? त्यांनी मामंजींच्या मागे लागून लोखंडी पिंजरा करून घेतला, आत केळी टांगली, आणि दुपारपर्यंत माकड आत. हरसूलच्या आठवडे बाजाराला आम्ही गोटीरामच्या टेम्पोतून भाजी न्यायचो. वाटेत घाटात रान होतंच. "रानाचं जनावर रानात सोडायचं, त्यात कसला गुन्हा?" असा त्यांचा सरळ हिशोब होता.

निघताना टिळा आलाच. माकडाचे दोन्ही हात केळ्यात गुंतलेले बघून त्यांनी गजांतून अंगठा आत घातला. मारुती म्हणून कुंकवाऐवजी तेलात कालवलेला शेंदूर, पण आकार तोच, उभी रेघ आणि खाली ठिपका. अंगठा शाबूत राहिला हे नशीब. "नीट ऱ्हा, कोणाच्या दारात जाऊ नको," म्हणाल्या आणि चक्क डोळ्याला पदर लावला. मला हसावं की रडावं कळेना. पिंजऱ्यावर मेथीच्या जुड्या रचून आम्ही निघालो. नाक्यावर शिपायानं टेम्पो थांबवला तेव्हा मेथीतून एक केसाळ हात बाहेर आला, आणि मामंजींनी घाईघाईनं त्या हातात वांगं ठेवलं. शिपाई दुसरीकडे बघत होता म्हणून निभावलं. घाटात पिंजरा उघडला. माकड बाहेर आलं, रस्त्याकडेला बसून त्यानं वांग्याचा एक चावा घेतला आणि उरलेलं फेकून दिलं.

हरसूलच्या बाजारात आत्याबाईंच्या शेजारी चिमणाबाई बसायची. डोंगराकडच्या पाड्यावर एकटी राहायची. नागली म्हणजे नाचणी, करटुल्यांसारखी रानभाजी, कधी मध विकायची. दोघींची ताडपत्री एक आणि भाकरीचं फडकंही एक. नवरा गेल्यापासून चिमणाबाईच्या कपाळाला कोणी बोट लावलं नव्हतं. आत्याबाईंनी पहिल्यांदा कुंकू पुढे केलं तेव्हा ती मागे सरकली होती. "निघालेल्या माणसाला लावत्यात. तू निघालीस ना? मंग झालं," एवढंच आत्याबाई म्हणाल्या. तेव्हापासून बाजार उठला की चिमणाबाई आपणहून कपाळ पुढे करायची. आत्याबाईंना सख्खी बहीण नव्हती. ही होती.

माकड सोडल्यानंतर काही बाजार गेले, आणि एकदा चिमणाबाई अर्धीच पाटी घेऊन आली.

"पाड्यावर माकड आलंय," भाकरी मोडता मोडता ती सांगू लागली. "कडी काढतंय, डब्यातलं पीठ उधळतंय. आता नागली कणसाला आली, तर तीबी ओरबाडतंय. वरसाचं खाणं हाय माझं ते. आन कपाळाला शेंदूर हाय त्याच्या. देव म्हनून मारता येईना, माकड म्हनून पुजता येईना. कोणी सोडलं आसल गं?"

आत्याबाईंच्या घशात घास अडकला. मी पाणी दिलं.

"लोक लय वाईट," त्या कशाबशा म्हणाल्या.

"लयच," चिमणाबाई म्हणाली, आणि तिनं माकड सोडणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, सावकाश, तिखटमीठ लावून. आत्याबाई प्रत्येक शिवीला मान डोलवत होत्या. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. एरवी अख्ख्या गावाला खरं बोलायला लावणारी ही बाई, आज तिची जीभ कुठे गेली होती?

बाजार उठला. चिमणाबाईनं कपाळ पुढे केलं. आत्याबाईंनी डबी उघडली, अंगठा कुंकवात बुडवला, आणि हात मध्येच थांबला.

"लाव की," चिमणाबाई म्हणाली. "त्याला लावला तसाच. उभा, खाली ठिपका."

आत्याबाईंनी अंगठा पदराला पुसला.

"तुला कधी कळलं?" आत्याबाईंनी विचारलं.

"आलं त्या दिशीच. त्याचं कपाळ बघितलं न् माझ्या कपाळाला हात गेला. म्हनलं, सांगल ही आज ना उद्या."

"मी रानात सोडलं व्हतं गं."

"रानातच ऱ्हाते मी, सिंधू. तुझ्यापुढं मी व्हते. माझ्यापुढं कोण हाय? मी त्याला कोणाच्या दारात नेऊन सोडू?"

आत्याबाई भर बाजारात रडल्या. "चुकलं माझं," म्हणाल्या. टिळा त्या दिवशी राहूनच गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मामंजींना घेऊन वनखात्याचं ऑफिस गाठलं आणि पिंजऱ्यापासून वांग्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. साहेब खूप बोलले. पुन्हा असं केलंत तर केस करीन, असा दमही दिला. पण परवानगी काढून, जिथे वस्ती नाही अशा ठिकाणी माकड हलवायचं कबूल केलं. मात्र तोवर नागली कोण राखणार? आत्याबाईंनी लुगड्यांचं गाठोडं बांधलं. दसऱ्याच्या तोंडावर, आमचा झेंडू तोडणीला आलेला, आणि सासू चालली दुसरीची नागली राखायला! मी दिवसभर भांडी आदळली.

पण टेम्पो दारात आला तेव्हा डबी मीच आणली. उभी रेघ, खाली ठिपका, हातावर गूळ.

"नीट राहा," मी म्हणाले. "कोणाच्या दारात त्रास देऊ नका."

कितीतरी दिवसांनी त्या हसल्या.

झेंडू मी एकटीनं काढला, आणि हातांना आलेले फोड दिसेल त्याला दाखवले. नागली घरात आली, वनखात्याची माणसं माकड घेऊन गेली. त्याला टिळा लावायचा की नाही यावरून पाड्यावर दोघींचं भांडण झालं म्हणे, आणि नाही लावायचा असं ठरलं. मग एका संध्याकाळी आत्याबाई गोटीरामच्या टेम्पोतून उतरल्या. उन्हानं रापलेल्या, हातात नागलीच्या पिठाची पिशवी. कपाळावर कुंकवाची उभी रेघ होती, जरा वाकडी, नवख्या हाताची, आणि खाली ठिपका. त्या दिवशी त्यांनी तोंड धुतलं नाही.