मागच्या सीटवर कोण बसणार?

रोह्याजवळच्या निडी गावाच्या आसपास महिपतीनानांना न ओळखणारा माणूस एखादा सापडेलही, पण नानांनी ज्याला कधी प्रश्न विचारला नाही असा सापडणं कठीण. गुरांचा डॉक्टर कोपरापर्यंत हात म्हशीच्या पोटात घालून घाम गाळत असताना, "आता बोटाला काय लागतंय, डॉक्टर?" असं विचारणारे नानाच. स्टेशनात मालगाडी थांबली, की पार इंजिनापर्यंत चालत जाऊन, "हितं ब्रेक लावल्यावर शेवटच्या डब्याला किती वेळानं कळतं?" हेही त्यांनीच विचारलं होतं. मोबाईलचा टॉवर उभारायला आलेल्या माणसांचं चार दिवसांचं काम सहा दिवस चाललं. त्यातले दोन दिवस नानांचे, असं गाव अजून म्हणतं. पावसाळ्यात भात, मग त्याच जमिनीत वाल, एवढी त्यांची शेती. शाळा सातवीपर्यंत. पण एखादी वस्तू कशी चालते हे कळल्याशिवाय नानांना जेवण गोड लागत नाही, आणि ते कळलं की ऐकायला माणूस मिळेपर्यंत चैन पडत नाही.

अशा माणसाच्या घरात मोठी गाडी घ्यायची ठरली. तेव्हा विकणाऱ्यांचं काय होणार, याची काळजी गावाला आधीच लागली.

गाडीचं कारण सरळ होतं. नानांचा मुलगा गणेश रोह्याच्या कंपनीत शिफ्टला जातो. त्याच्याकडे पाच जणांची लहानशी गाडी होती, आणि त्याची बायको अनिता, लेक मनाली आणि म्हातारा-म्हातारी धरून हिशेबाला ती बरोबर पुरत होती. मग मनाली दहा वर्षांची झाल्यावर घरात पुन्हा पाळणा हलला, आणि हलला तो एकदम दोघांसाठी. आदर्श आणि भूमिका ही जुळी आली, घरात माणसं सात झाली आणि गाडी पाचाचीच राहिली. "तीन रांगांची घ्यायला लागणार," गणेश म्हणाला, आणि त्यावर कुणाचं दुमत नव्हतं.

गणेशला गाडी जुळ्यांसाठी हवी होती. नानांना मात्र ती हौसाबाईंसाठी हवी होती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, खुद्द हौसाबाईंनाही नाही.

हौसाबाई म्हणजे नानांची बायको, संसार एकेचाळीस वर्षांचा. त्यांची लेक दिशा ताम्हिणी घाटापलीकडे पिरंगुटला दिलेली. तिच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, पण हौसाबाईंनी लेकीचं घर पाहिलेलं नव्हतं. दरवेळी निघायच्या दिवशी काहीतरी आडवं यायचं. आधी म्हशीचं कारण होतं, म्हणून नानांनी म्हैस शेजारच्या हिरामणच्या गोठ्यात नेऊन बांधली. मग वाल झोडायचे निघाले, ते नानांनी आठवडाभर आधी झोडून ठेवले. शेवटी एकच कारण उरलं. "पोरांना नीट बसू द्या, गाडीत जागा कुठं हाय? तुम्ही जावा." हे हौसाबाई इतक्या सरळ चेहऱ्यानं म्हणायच्या की नानांना ते पटलं. आपली बायको दुसऱ्याची जागा अडवायची नाही, हा तिचा स्वभावच आहे, असं ते धरून चालले.

आता दिशानं स्वतःचं घर बांधलं होतं. माघात वास्तुशांत होती. फोनवर ती म्हणाली, "नाना, या खेपेला आईला घेऊन या. नाय आली तर मी पुन्हा कधी बोलवणार नाय तिला." नानांनी फोन ठेवला आणि गणेशला सांगितलं, "गाडी माघाच्या आत दारात पायजे."

पेणला हायवेवर गाड्यांची मोठी दुकानं आहेत. नाना आणि गणेश तिथं पाच वेळा गेले. दुकानात शिरलं की लोक आधी स्टिअरिंगसमोर बसतात. गणेशही बसायचा, पडद्यावर बोटं फिरवायचा, कॅमेऱ्यात मागचा खांब बघून खूश व्हायचा. मनालीनं घरून निरोप दिला होता की छताला खिडकी असलेलीच आणा. नाना मात्र पुढच्या सीटकडे ढुंकूनही न बघता थेट तिसऱ्या रांगेत जाऊन बसायचे, दार लावून घ्यायला सांगायचे आणि डोळे मिटायचे. पाच मिनिटं, कधी दहा. पहिल्या दुकानात माणूस घाबरून काच वाजवायला लागला.

"झोपलो नाय," नाना आतून म्हणाले. "बसून बघतोय."

एका गाडीत गुडघे हनुवटीला लागले. दुसरीत डोकं छताला. तिसरीत बसायला ठीक होतं, पण पाय ठेवायला जागा नव्हती. चौथ्या गाडीपाशी तनया नावाची मुलगी होती, पेणचीच, बोलायला गोड आणि कामाला चोख. ती म्हणाली, "काका, ह्यात मागचे सुद्धा अगदी आरामात बसतात."

"तुम्ही बसलाय मागं?"

"हो, बसलेय की."

"मागं बसून ताम्हिणी चढलाय?"

तनया हसली. "नाही काका."

"मग या, बसा. दोघं बसून बघू."

ती खरंच आत शिरली, आणि पेणच्या त्या दुकानात गाडी न हलवता दोघं दहा मिनिटं बसून राहिले. तेवढ्यात नानांनी विचारलं की सीटखाली काय आहे, चाक कुठं येतं, मागून ठोकर बसली तर पत्रा कुठवर दुमडतो. मग खिडकीवर बोट टेकवून म्हणाले, "ही काच खाली व्हत नाय?"

"नाही काका, तिसऱ्या रांगेची काच पक्कीच असते. पण एसीचा झोत वेगळा आहे बघा, छतातून. मागच्यांना पुढच्यांवर अवलंबून राहायला नको."

नानांना हे फारच आवडलं. धूळ नाही, आवाज नाही, वारा नाही, आणि वरून स्वतःचा गार झोत. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बाईला आणखी काय पाहिजे? त्यांनी मनोमन हौसाबाईंना तिथं बसवलं, पाठीला उशी दिली, काच लावली. माणूस एखाद्याच्या सुखाचा इतका बारकाईनं विचार करू शकतो आणि तरी त्याला विचारायचं विसरतो, हे नानांकडे बघून पटतं. "हीच," ते गणेशला म्हणाले. "पण आधी सगळ्यांना बसवून फिरवून बघायची. वडखळपर्यंत."

शनिवारी सगळे आले. नवी गाडी नुसती बघायला हौसाबाईंनी नाही म्हणायचं काही कारण नव्हतं, आणि पेणला त्या निडीहून पॅसेंजरनं मजेत आल्या. आगगाडीला त्यांनी कधीच ना म्हटलं नव्हतं. रोह्याच्या बाजाराला सहा आसनी रिक्षातून त्या दर आठवड्याला जायच्या, तेही कडेला बसून. हे नाना वर्षानुवर्षं बघत होते, पण त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलं नव्हतं.

चालवायला गणेश बसला. शेजारची सीट नानांची. ती कुठल्याही गाडीत नानांचीच असते, कारण ड्रायव्हरला विचारण्यासारखं बरंच असतं. पण तनया म्हणाली, "काका, चालवून बघताना आमच्या माणसानं पुढं बसायचं असा नियम आहे." मधल्या रांगेत अनिता आणि मनाली एकेक बाळ मांडीवर घेऊन बसल्या. नाना तिसऱ्या रांगेत शिरले, हौसाबाईंच्या शेजारी. एकेचाळीस वर्षांत दोघं चारचाकीत शेजारी बसायची ही पहिलीच वेळ होती.

"कसं वाटतंय गो?" नानांनी विचारलं.

"बरं हाय," हौसाबाई म्हणाल्या.

हायवेला लागल्यावर नानांनी त्यांना एसीचा झोत दाखवला, वळवून थेट त्यांच्या तोंडावर सोडला, आणि तो तिथवर कसा येतो ते समजावून सांगायला लागले. सांगता सांगता त्यांचं लक्ष हौसाबाईंच्या हातांकडे गेलं. एका मुठीत पदराआड काहीतरी घट्ट धरलेलं होतं. ते लिंबू होतं, नखं रुतून रुतून फुटलेलं. दुसरा हात ती न उघडणारी काच चाचपत होता. कपाळावर घामाचे थेंब होते, एवढ्या गारव्यात. ओठ पांढरे पडले होते.

"गणेश, गाडी थांबव!" नाना ओरडले.

वडखळचा फाटा अजून पुढं होता. गाडी कडेला लागली, तनयानं पळत येऊन मनालीला उतरवलं, मधली सीट पुढं पाडली, आणि हौसाबाई कशाबशा उतरून गवतात वाकल्या. पोटात काही नव्हतंच. नुसतं पित्त पडलं. अनितानं पाणी दिलं, पाठ चोळली.

"सकाळी काय खाल्लंस तू?" नानांनी विचारलं.

"काय नाय. कालपासून काय नाय खाल्लं."

"का?"

"गाडीत बसायचं होतं म्हणून."

नाना शेजारच्या दगडावर बसले. "तुला गाडी लागते?"

"व्हय."

"कवापासून?"

हौसाबाईंनी तोंड पुसलं. त्यांचा आवाज चिडका नव्हता, थकलेला होता. "लग्नाच्या दिवसापासून. तुम्ही मला जीपमधून आणलीत ना? पडदे लावलेली, बंद. मी मागं होते. तुमच्या दारात उतरले आणि नव्या शालूवर ओकले. बायका हसल्या. तुमची आई म्हणाली, बोलू नको कुणाला, नवी नवरी हाय, लोक भलतंच काय म्हणतील. मग नाय बोलले."

"मला तरी सांगायचंस."

"तुम्ही मागं वळून बघितलंत कवा? त्या दिवशीबी तुम्ही पुढं बसून ड्रायव्हरशी बोलत होतात."

नानांना ती जीप लख्ख आठवत होती. पुढच्या चाकांना जोर द्यायचा तिचा वेगळा दांडा, तो कधी ओढायचा, चढावर कुठला गिअर, सगळं त्यांनी त्या दिवशी ड्रायव्हरकडून काढून घेतलं होतं. शालूचा रंग मात्र काही केल्या आठवेना. त्यांना आपली लाज वाटली, अगदी पोरासोरांसमोर, भर हायवेवर वाटली.

"कुठला रंग होता गो शालूचा?" त्यांनी शेवटी विचारलं.

"मोरपिशी," हौसाबाई म्हणाल्या, आणि इतक्या वर्षांनी कुणी विचारतंय म्हणून थोड्या हसल्यासुद्धा.

परतीच्या वाटेवर तनयानं आपली सीट हौसाबाईंना देऊ केली. "राहू दे नियम, मावशी," म्हणत ती मधल्या रांगेत मनालीला खेटून बसली. काच पूर्ण खाली केली, एसी बंद. तिथपासूनची सगळी वाट नाना मागून हौसाबाईंच्या मानेकडे बघत बसले. पेण आलं तेव्हा मान ताठ होती.

मग खरी निवड सुरू झाली. त्या गाडीचं नाव नानांनी पुन्हा काढलं नाही. तनयाला त्यांनी विचारलं, कुठली गाडी वळणावर कमी डुलते, कुठल्या पुढच्या सीटवरून रस्ता सरळ दिसतो, नव्या सीटचा वास किती दिवसांनी जातो. आणि प्रत्येक गाडीपाशी, आयुष्यात पहिल्यांदा, ते गप्प उभे राहून हौसाबाईंना विचारायचे, "तुला कसं वाटतंय?" आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे. हौसाबाई पुढं बसायच्या, काच वरखाली करायच्या, नाक मुरडायच्या. "ही नको, वासानंच डोकं उठलं." "ह्याच्यात बसलं की पुढचं कायच दिसत नाय, नुसतं बॉनेट." अखेर त्यांनी पसंत केली ती सगळ्यांत बुटकी होती. छताला खिडकी नव्हती, म्हणून मनाली दोन दिवस रुसली. कॅमेरा साधा होता. मागची रांग अशी की शिरताना माणसानं आपली हाडं मोजून घ्यावीत. गणेशनं तेवढं दाखवून दिलं.

"नाना, मागं बसणार कोण पण?"

"मी," नाना म्हणाले.

वास्तुशांतीच्या सकाळी ते खरोखर मागं शिरले. शेजारी वालाची गोणी, पायांत जुळ्यांच्या पिशव्या. अनितानं सासूला गोळी दिली होती. कोलाड सोडून घाट लागला तशी हौसाबाईंनी काच पार खाली केली आणि चेहरा वाऱ्याला दिला. एका वळणावर त्या म्हणाल्या, "गणेश, थांब जरा," आणि अनितानं घाईघाईनं पाण्याची बाटली काढली. त्या उतरल्या, कठड्यापाशी उभ्या राहिल्या, आणि खालची दरी बघत राहिल्या. ओकल्या नाहीत. मधल्या सीटवर जुळी झोपलेली, त्यामुळे नानांना उतरता येईना. पक्क्या काचेतून समोरचा डोंगराचा एक तुकडा तेवढा दिसत होता.

"काय दिसतंय गो?" त्यांनी मधल्या रांगेवरून हाक मारली.

"थांबा, आधी बघू द्या," हौसाबाई म्हणाल्या.

पिरंगुटला गाडी थांबली तेव्हा दिशा हळदीच्या हातांनी धावत बाहेर आली. पुढच्या सीटकडे तिनं पाहिलंच नाही. तिथं नाना असणार हे तिला जन्मापासून ठाऊक होतं. मधल्या खिडकीत अनिता, मनाली, बाळं. मग तिनं मागचं दार वर उचललं. आत गोणीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन, तिचा बाप बसला होता. एकटा.

तिचा चेहरा पडला. "आई नाय आली?"

नानांना सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्यांनी नुसता हात पुढच्या बाजूला केला. हौसाबाई तोवर आपलं दार आपणच उघडून उतरल्या होत्या आणि मान वर करून लेकीचं घर बघत होत्या.