वजनकाटा वरच्यांच्या वाट्याला

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी आमच्या बेटावरच्या कांप दे मास्क गावाजवळच्या एका साखर कारखान्यात संगणक सांभाळत होते. सगळे संगणक एकाच जाळ्यात. हंगामात सगळे एकदम बोलू लागले की जाळं तुंबायचं, म्हणून त्याचे लहान भाग पाडायचं ठरलं. प्रत्येक यंत्राला क्रमांक असतो. क्रमांक नीट वाटले की एका भागातलं बोलणं त्याच भागात राहतं. दुसऱ्या भागात जायचं तर मधल्या एका यंत्रातून जावं लागतं. मी सांगितलं, जे सतत एकमेकांशी बोलतात ते एकत्र ठेवा. उसाच्या गाड्यांचा वजनकाटा आणि शेतकऱ्यांचे हिशेब, या दोन्हींचे संगणक एका भागात.

कारखान्याच्या साहेबांनी हुद्द्याप्रमाणे वाटणी केली. वरच्यांचा एक भाग, कारकुनांचा दुसरा. वजनकाटा वरच्यांत, कारण गाड्या किती आल्या हे त्यांना खुर्चीतून बघायचं होतं. हिशेब अर्थात कारकुनांत. त्यामुळे प्रत्येक गाडीचं वजन मधल्या यंत्रात अडकायचं. तेही जुनंच, नवं साहेबांना अनावश्यक वाटलं, रंगीत पडदा मात्र आवश्यक.

फाटकापासून रस्त्यापर्यंत उसाच्या ट्रकांची रांग लागली. तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटतं, आणि नुकसान छोट्या शेतकऱ्याचं. माझे चुलतकाका त्या रांगेत होते, वर्षाचं सगळं पीक घेऊन. गाड्या का अडल्या ते मी त्यांना सांगितलं.

"काय गो बाय, शिकलेली माणसं तुमी, आनि अशी वाटनी? एका भावाला शेत, दुसऱ्याला वाट?"

"मी नाही केली, काका."

"मग ज्यानं केली त्याला आन हितं. बसव माज्या उसावर. आयो, वाळू दे त्याला पन!"

मी साहेबांकडे गेले. "उद्या बैठकीत बघू," ते म्हणाले. बैठका त्यांना फार आवडत.

मी सरळ काट्याच्या खोलीत गेले, तार काढून हिशेबांच्या भागाला जोडली, यंत्राचा क्रमांक बदलला. काकांच्या गाडीच्या वजनाची चिठ्ठी लगेच निघाली. मागची गाडी पुढे आली.

साहेबांनी बोलावून घेतलं. "माझ्या पडद्यावर गाड्या दिसत नाहीत!"

"खिडकी तुमच्या मागेच आहे, साहेब."

त्यांनी मान वळवली नाही. वजनकाटा परत वरच्यांत घ्या, म्हणाले.

"घेते. फाटकावरच्या लोकांना तेवढं तुम्ही सांगून या."

साहेब खुर्चीतून उठले नाहीत. वजनकाटा हिशेबांजवळच राहिला.