आनंदरावांच्या गळ्यातला माइक

आनंदराव म्हणजे माझे धाकटे दीर. रेडिओ उघडून बसले की त्यांना जेवणाची शुद्ध नसायची, पण गच्चीच्या कठड्याशी उभं राहायचं म्हटलं की जिन्यातूनच परत फिरायचे. अशा माणसाला नोकरी लागली ती विमानांच्या क्लबात. अठ्ठावन्न साल होतं. ह्यांची विमा कंपनीतून जयपूरला बदली झालेली, आणि आमचं बिऱ्हाड राजा पार्कात होतं.

काम हेडफोन दुरुस्तीचं. दोन माणसांच्या छोट्या विमानात इंजिनाचा गोंगाट एवढा, की पुढचा आणि मागचा दोघं वायरीतूनच बोलायचे. कानावर हेडफोन आणि गळ्याला पट्ट्यानं बांधलेला माइक. क्लबचा एक नियम होता. ज्यानं दुरुस्त केलं, त्यानंच मागे बसून वर जायचं आणि ऐकून यायचं.

नोकरी कच्ची होती. दिल्लीचे तपासनीस येऊन पास करतील तेव्हाच ती पक्की होणार. आणि पक्की झाली तरच नागपूरची तारामती मिळणार, असं तिच्या वडिलांनी स्पष्ट सांगितलेलं.

अन् नेमकी तेव्हाच विमानात गुणगुण सुरू झाली. वैमानिक फतेहसिंगजी म्हणायचे, कानात भुंगा शिरल्यासारखं होतं. जमिनीवर सगळं ठीक, वर गेलं की भुंगा. आनंदरावांनी प्लग घासले, वायर बदलली, हेडफोनची पुढची जोडी मागे लावून पाहिली. भुंगा तसाच. मग हवेतच एकेक प्लग काढून पाहिला. आपल्या गळ्यातल्या माइकचा प्लग काढला, तर भुंगा गप्प.

"माइकच खराब आहे, वहिनी," ते घरी येऊन म्हणाले. मी देवाला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी नवा माइक लावला. तरी भुंगा. तोच माइक दुसऱ्या मेकॅनिकनं बांधला, तर एकदम साफ. शेवटी फतेहसिंगजींनी विमान वळवता वळवता मान मागे फिरवून पाहिलं. आनंदराव डोळे घट्ट मिटून ओठ हलवत बसलेले.

"आनंदरावजी, क्या बोल रहे हो?"

"मैं? कुछ नहीं. रामनाम."

भीती वाटली की त्यांचा जप सुरू व्हायचा, आणि आपण तो करतोय हे त्यांचं त्यांनाच कळत नसे. गळ्यातला माइक तर पुटपुटणंही पकडायचा.

घरी हे ऐकून ह्यांना हसू आवरेना. "तुला विमानात नको, देवळात बसवायला हवं."

"दादा, उद्या तपासनीस येतायत. जप थांबला तर मी वर बसूच शकत नाही."

मीच मार्ग काढला. देव्हाऱ्यातली माझी तुळशीची माळ दिली. "भावजी, मनातल्या मनात म्हणा. बोटं मणी फिरवतील, गळा हलायचा नाही."

तपासनीस जमिनीवर उभे राहिले, विमान वर गेलं. भुंगा नाही. फतेहसिंगजी खूश. त्यांनी विचारलं, "सुनाई दे रहा है?" मागून उत्तर नाही. पुन्हा विचारलं. तरी नाही. त्यांना वाटलं, भुंगा गेला तो सगळा आवाज घेऊनच गेला. विमान परत वळवलं.

हेडफोन-माइकचा सेट ठणठणीत होता. पण जपाच्या मध्ये तोंड उघडायचं नाही, ही सासूबाईंची शिस्त. माळेच्या टोकाचा मेरुमणी यायचा होता. तो आला तेव्हा विमान धावपट्टीच्या वर आलेलं.

"एकदम साफ सुनाई दे रहा है, साहब," आनंदराव म्हणाले.

"पहले क्यों नहीं बोले?"

"माला चल रही थी."

खाली उतरल्यावर तपासनिसांनी विचारलं, सेट कसा आहे. फतेहसिंगजींनी आधी कानावरचा हेडफोन उतरवला. मग म्हणाले, "सेट बढ़िया है. आदमी को ऊपर मत भेजिए."

आनंदराव घरी आले ते चपला न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभे.

"वहिनी, नियम बदलला. यापुढे मी वर जायचं नाही. दुरुस्ती माझी, ऐकायला दुसरा जाणार."

"आणि नोकरी?"

"ती होय? ती झाली पक्की," असं म्हणून ते मोरीवर हातपाय धुवायला गेले. नागपूरला तार करायची आठवण शेवटी ह्यांनीच केली.